गल्लीच्या डीपीवर ई-वाहनांचा भार: खान्देशातील वस्त्यांसाठी मोजणी आणि नियोजन

ई-वाहने वाढली तर वीज पुरेल का, हा प्रश्न खान्देशात बहुधा चुकीच्या टोकाकडून विचारला जातो. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्र आहे, साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वीजनिर्मिती हा इथला अडसर नाही. ती वीज उपकेंद्रातून ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) फीडरने, म्हणजे वाहिनीने, निघते, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या रोहित्रात, म्हणजे डीपीत, ४३३ व्होल्टवर उतरते आणि तिथून खांबाखांबाने शेवटच्या घरापर्यंत पोहोचते. अडचण येते ती या शेवटच्या काही शे मीटरांत. तिथे वाहनांची संख्या तितकीशी महत्त्वाची नसते. ती वाहने एकाच वेळी, एकाच फेजवर (डीपीतून निघणाऱ्या तीन जिवंत तारांपैकी एकीवर) आणि डीपीपासून किती लांब चार्जिंगला लागतात, यावर सारे ठरते.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: घरी गाडी घेणारे कुटुंब, चार्जिंगची सोय करू पाहणारी गृहनिर्माण सोसायटी, आणि रात्री दहा-वीस ई-रिक्षा एका शेडमध्ये उभ्या करणारा मालक. तपासणीचा क्रम तिघांनाही सारखाच लागू पडतो.

आधी किलोवॅट आणि युनिट वेगळे करा

किलोवॅट म्हणजे वाहन एका क्षणी किती ओढते, आणि युनिट म्हणजे एकूण किती खाते. बिल युनिटवर येते, पण डीपीला त्रास होतो तो किलोवॅटमुळे. ही फारकत मनात पक्की नसेल, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण २ ते ४ युनिटांची असते आणि सोबत मिळणारा चार्जर पाऊण किलोवॅटच्या आसपास ओढतो. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर चालणारी ई-रिक्षा ५ ते ६ युनिट घेते, तिचा चार्जर सुमारे १ किलोवॅटचा असतो आणि तो सात ते नऊ तास चालतो. चारचाकी गाडी घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने, तर भिंतीवरच्या एसी चार्जरवर ७.२ किलोवॅटने चार्ज होते. स्कूटर एकटी असेल तर तिची चिंता करण्याचे कारण नाही. दिवसाला तीसेक किलोमीटर फिरली, तरी तिला एक युनिटाच्या जवळपास पुरते.

चारचाकीबाबत मात्र विक्रेते ७.२ किलोवॅटचा चार्जर सहज गळ्यात मारतात. जळगाव शहरात राहून रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला सुमारे ६ युनिट लागतात, आणि ते ३.३ किलोवॅटच्या सॉकेटवर दोन तासांत भरून निघतात. गाडी रात्रभर घरीच उभी असेल, तर मोठ्या चार्जरने मालकाचे काही साधत नाही. त्या गाडीचा गल्लीवर पडणारा भार मात्र दुप्पट होतो. रोज धुळे-जळगाव फेरी करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, त्याने मोठा चार्जर जरूर घ्यावा.

डीपीची क्षमता आणि तिच्यावरचा आजचा भार

डीपीवर पत्र्याची पाटी असते आणि तिच्यावर क्षमता केव्हीएमध्ये (ढोबळमानाने किलोवॅटसारखेच एकक) लिहिलेली असते. वस्त्यांमध्ये ६३, १०० आणि २०० केव्हीएच्या डीपी नेहमी दिसतात. पाटी पुसट झाली असेल, तर महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारावे. केव्हीएला १००० ने गुणून ७५० ने भागले की प्रत्येक फेजवरचा पूर्ण भाराचा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. त्यानुसार ६३ केव्हीएला ८४ अँपिअर, १०० केव्हीएला १३३ आणि २०० केव्हीएला २६७ अँपिअर येतात.

आजचा भार टाँग टेस्टरने, म्हणजे तारेभोवती चिमट्यासारखे लावून प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजतात. डीपीच्या पेटीला ग्राहकाने हात लावू नये; तिथली मोजणी लाईनमनकडूनच करून घ्यावी. सोसायटीच्या मीटर खोलीतली मोजणी मात्र परवानाधारक वायरमन करू शकतो. मोजणी केव्हा करायची, हे ती कशी करायची याहून महत्त्वाचे आहे. डिसेंबरच्या दुपारी घेतलेला आकडा खान्देशात निरुपयोगी असतो. इथे सर्वाधिक भार उन्हाळ्याच्या रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान येतो, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तर लेकी माहेरी आलेल्या असतात, घरे भरलेली असतात, प्रत्येक खोलीतला कूलर किंवा एसी चालू असतो. म्हणून मोजणीसाठी आखाजीच्या आसपासची एखादी रात्र निवडावी. ती वेळ हुकली असेल, तर मे महिन्यातला कोणताही उकाड्याचा आठवडा चालेल.

उन्हाळ्यावर इतका भर देण्यामागे आणखी एक कारण आहे. तेलात बुडालेल्या डीपीचे आयुष्य तिच्या गुंडाळीवरच्या कागदी आवरणावर अवलंबून असते, आणि तो कागद उष्णतेने झिजतो. गुंडाळीचा सर्वांत तापलेला भाग ९८ अंशांवर असताना झिजेचा वेग सर्वसाधारण मानतात. त्यापुढे दर ६ अंशांना तो दुप्पट होतो. १०४ अंशांवर दुप्पट, ११० अंशांवर चौपट. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रही गरमच असते, त्यामुळे तीच डीपी तेवढाच भार जानेवारीत सहज पेलते आणि मेमध्ये त्याच भाराखाली झिजते.

आतापर्यंत मध्यरात्रीनंतर भार उतरत असे आणि तेल निवण्याला पहाटेपर्यंत उसंत मिळत असे. तासाभराचा जादा भार डीपी पचवते, कारण तेल तापायलाच वेळ लागतो. चार्जिंग मात्र सलग चालते. ई-रिक्षा आठ-आठ तास ओढत राहिल्या, तर नेमकी ही निवण्याची वेळच डीपीच्या वाट्याला येत नाही.

फेज: बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात

समजा, अमळनेरच्या एखाद्या नव्या कॉलनीत ६३ केव्हीएची डीपी आहे आणि मे महिन्यात रात्री दहाला मोजणी केली, तर आर फेजवर ७८, वाय फेजवर ५२ आणि बी फेजवर ४१ अँपिअर आढळले. तिन्हींची सरासरी ५७ अँपिअर, म्हणजे पूर्ण भाराच्या ६८ टक्के. कागदावर डीपी निवांत आहे. प्रत्यक्षात आर फेज ९३ टक्क्यांवर पोहोचलेला आहे.

आता या कॉलनीत दोन चारचाकी गाड्या आल्या आणि प्रत्येकीने ३.३ किलोवॅट, म्हणजे १४ अँपिअर ओढले. दोन्ही घरे आर फेजवर असतील, तर तिथला प्रवाह १०६ अँपिअर होतो, म्हणजे पूर्ण भाराच्या १२६ टक्के. तीच घरे बी फेजवर असतील, तर बी फेज ६९ अँपिअरवर जातो आणि कोणताही फेज मर्यादा ओलांडत नाही. न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा, हिशेब तर याहून बोलका आहे. गाड्या येण्याआधी न्यूट्रलमधून सुमारे ३३ अँपिअर वाहत होते. गाड्या आर फेजवर आल्या तर ते ६० होतात, बी फेजवर आल्या तर २३ वर उतरतात. भार वाढूनही न्यूट्रल हलका झाला. एक पैशाचे साहित्य न वापरता, केवळ खांबावरची जोडणी बदलून हा फरक पडतो, आणि तरीही आपल्याकडे डीपी बदलून द्या ही मागणी आधी होते, फेज बदलून द्या ही क्वचितच.

न्यूट्रलकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. सततच्या जादा प्रवाहाने त्याचा जोड तापतो, सैल होतो आणि एखाद्या रात्री तुटतो. न्यूट्रल तुटला की कमी भार असलेल्या फेजवरच्या घरांत २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या दिशेने व्होल्टेज चढते आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एका झटक्यात जळतात. त्यात भर म्हणजे, स्वस्त आणि निकृष्ट चार्जर प्रवाहाची लय बिघडवतात, आणि त्यांतले तिसऱ्या पटीचे हार्मोनिक प्रवाह (मूळ लयीच्या तिप्पट वेगाने हेलकावणारे) तिन्ही फेज समतोल असले, तरी न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिसळून वाढत जातात. वीस ई-रिक्षांच्या शेडमध्ये म्हणूनच न्यूट्रलची तार फेजच्या तारेपेक्षा बारीक ठेवू नये, आणि न्यूट्रलवरही टाँग टेस्टर लावून पाहावा.

शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज

लघुदाब ग्राहकाला, म्हणजे डीपीवरून वीज घेणाऱ्या घराला किंवा दुकानाला, २३० व्होल्टच्या वर-खाली ६ टक्के, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत. डीपीखालच्या घरात हे सहज मिळते. प्रश्न टोकाच्या घराचा असतो.

आपल्या लाईनवर नेहमी आढळणारी विझल तार घेऊ. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम असतो. डीपीपासून ४०० मीटरवर एका शेडमध्ये सहा ई-रिक्षा एकाच फेजवर लावल्या आणि प्रत्येकीने ५ अँपिअर घेतले, तर ३० अँपिअर जातात आणि न्यूट्रलच्या तितक्याच जाडीच्या तारेने परत येतात. जाण्या-येण्याच्या ८०० मीटर तारेत सुमारे २२ व्होल्ट खर्ची पडतात. डीपीवर २३० असले, तरी शेडमध्ये २०८ च उरतात, आणि शेजारच्या घरातला पंखा मंदावतो. याच सहा रिक्षा दोन-दोन करून तीन फेजवर वाटल्या, तर प्रत्येक फेजवर १० अँपिअर येतात, न्यूट्रलमधला प्रवाह जवळपास संपतो आणि घट ४ व्होल्टांच्या आत राहते. भाराच्या तक्त्यात दोन्ही ठिकाणी सहा किलोवॅटच लिहिले जातील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्होल्टेज उतरले की विजेची शेगडी कमी ओढते. आधुनिक चार्जर मात्र ठरलेली शक्ती मिळवण्यासाठी उलट जास्त प्रवाह ओढतो. पडलेले व्होल्टेज तो आणखी पाडतो.

लांब फीडरांवर, विशेषतः अक्कलकुवा-धडगावसारख्या सातपुड्यातल्या भागात, डीपीच्या आधीच ११ केव्हीच्या बाजूला व्होल्टेज उतरलेले असू शकते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात निराळा पेच आहे. तिथे शेतीपंपांचे फीडर आणि गावठाणाचे फीडर वेगवेगळे असले, तरी उपकेंद्रातले मोठे रोहित्र बहुधा दोघांना सामायिक असते. शेतीची रात्रीची पाळी सुरू झाली की त्याचा परिणाम गावातही जाणवतो. अशा गावात चार्जिंगची वेळ ठरवण्यापूर्वी त्या आठवड्याचे पाळीचे वेळापत्रक लाईनमनकडून घ्यावे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीचा पुरवठा दिवसावर आलेला असेल, तर रात्र बरीच मोकळी मिळते.

घरातली वायरिंग

डीपी ठीक असूनही सॉकेट जळाल्याच्या तक्रारी येतात, त्याचे मूळ बहुधा घरातल्या वायरीत सापडते. मीटरपासून ४० मीटरवर गाडी उभी आहे आणि तिथपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर नेली आहे, असे धरा. १४ अँपिअरला तिच्यात सुमारे ८ व्होल्ट घटतात आणि ११५ वॅटच्या आसपास उष्णता वायरीतच तयार होते. ६ चौरस मिलिमीटरची वायर घातली, तर घट साडेतीन व्होल्टांवर येते. जुन्या घरांत दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर मोठे सॉकेट बसवलेले असते. तिथे गाडी लावूच नये.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत चार्जिंगसाठी स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक ब्रेकर, जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट आणि एक्स्टेंशन बोर्डाला मनाई, अशा तरतुदी आहेत. तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून खाली सोडलेली वायर या नियमांत कुठेच बसत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालणे इथे अत्यावश्यक आहे, कारण खान्देशातली काळी माती कोरडी पडून भेगाळली की अर्थिंगचा रोध वाढतो. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, त्यामुळे ई-रिक्षांचे शेड हवेशीरच असावे.

सोसायटीचा हिशेब

चोवीस सदनिकांची एक सोसायटी घ्या, जिथे आठ जणांकडे ई-गाड्या आहेत. प्रत्येकाने ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवला आणि रात्री आठला घरी येताच प्लग लावला, तर जादा भार ५७.६ किलोवॅट होतो, म्हणजे जवळपास एक ६३ केव्हीएची डीपी केवळ गाड्यांसाठी. याच आठ गाड्यांची रोजची गरज पाहिली, तर प्रत्येकी ६ प्रमाणे ४८ युनिट, आणि चार्जिंगमधला अपव्यय धरून सुमारे ५४ युनिट. रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत ती समान वाटली, तर सरासरी भार येतो ८ किलोवॅटपेक्षाही कमी.

म्हणून सोसायटीने ३.३ किलोवॅटचे पॉइंट घ्यावेत आणि एका वेळी तीनच चालतील अशी व्यवस्था करावी, प्रत्येक फेजवर एक. दोन-दोन तासांच्या तीन पाळ्यांत आठही गाड्या पहाटेपर्यंत तयार होतात आणि भार १० किलोवॅटच्या वर जात नाही. भार वाटून देणारी तयार यंत्रणा बाजारात मिळते. ती परवडत नसेल, तर टायमर आणि भिंतीवर चिकटवलेला पाळ्यांचा तक्ता यांवरही काम भागते. टायमर लावताना सर्वांनी ठीक बाराची वेळ मात्र ठेवू नये. तसे केले, तर नऊचा ताण बाराला सरकतो आणि एकाच मिनिटात सारा भार अंगावर येतो. म्हणून सुरुवातीच्या वेळा पुढे-मागे ठेवाव्यात.

रात्रीपेक्षाही चांगली वेळ दिवसाची आहे, जर गाडी दिवसा उभी राहत असेल तर. राज्यात सौर वीज दुपारी मुबलक असते आणि सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापराला टीओडी (वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर सवलत देण्याचे धोरण आहे. आपल्या वर्गवारीला सध्या किती सवलत लागू आहे, हे बिलावर पाहून घ्यावे. जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिल आणि चटई कारखान्यांनी कामगारांच्या स्कूटरसाठी आवारात पॉइंट दिले, तर तेवढा भार संध्याकाळी गल्लीत येणारच नाही. बँका, महाविद्यालये आणि सरकारी कार्यालयांनाही हे करता येण्याजोगे आहे, आणि माझ्या मते गल्लीतल्या डीपी वाढवत बसण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे.

छतावर सौर संच बसवणाऱ्यांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पीएम सूर्यघर योजनेतला ३ किलोवॅटचा संच दिवसाला साधारण १२ युनिट देतो आणि त्यातून गाडीचे ६ युनिट सहज वसूल होतात, हे बिलापुरते खरे आहे. गाडी रात्री दहाला लावली, तर त्या क्षणी लागणारी वीज डीपीतूनच येते. नेट मीटरिंगने, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज वापरातून वजा करण्याच्या पद्धतीने, बिल कमी होते, रात्रीचा भार नाही.

महावितरणकडे अर्ज

घरच्या जोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळ्या परवान्याची गरज नाही. मात्र मंजूर भार वाढवून घेणे आवश्यक आहे. अनेकजण बिल वाढेल या भीतीने तो दडवतात, आणि मग डीपीवर प्रत्यक्षात किती भार आहे हे कार्यालयाच्या नोंदीत येतच नाही. क्षमतावाढीचा प्रस्ताव नोंदीतल्या भारावर ठरतो. अर्ज महावितरणच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून करता येतो. त्यात चार्जरचे किलोवॅट, संख्या आणि चार्जिंगची नियोजित वेळ लिहावी, आणि सिंगल फेज जोडणी असल्यास कमी भार असलेल्या फेजवर जोडण्याची विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ई-वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. त्याच दुरुस्तीत नवीन जोडणीची मुदत नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवस केली आहे. अर्थात लाईन किंवा डीपी वाढवावी लागणार असेल, तर जास्त वेळ लागतो. सोसायटीने सामायिक चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेतलेलाच बरा, म्हणजे गाडी नसलेल्या सभासदांशी वाद होत नाहीत.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात, त्या धुळ्याच्या परिसरात हॉटेलमालकांना जलद चार्जर बसवायचे असतात. तिथला हिशेब वेगळा आहे. १२० किलोवॅटचा एक चार्जर लघुदाबावर सुमारे १७० अँपिअर ओढतो, जो १०० केव्हीएच्या डीपीच्या पूर्ण क्षमतेपेक्षाही जास्त आहे. ११ केव्हीवर तोच भार साडेसहा अँपिअरच्या आसपास येतो. म्हणून अशा ठिकाणी गावाच्या डीपीचा विचारही न करता ११ केव्हीवरून स्वतःचे रोहित्र घ्यावे आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात ते पहिल्याच ओळीत धरावे.

जोडणीनंतर

चार्जिंग सुरू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा मोजणी करावी: रात्री दहाला आणि पहाटे तीनला, तिन्ही फेज आणि न्यूट्रलचे अँपिअर, तसेच टोकाच्या घरातले व्होल्टेज. पहाटे तीनचा आकडा टाळू नये, कारण डीपीला निवायला वेळ मिळतो की नाही हे त्यातूनच कळते. एखादा फेज ८० टक्क्यांच्या पुढे आणि दुसरा ५० च्या खाली असेल, तर आधी फेजची वाटणी बदलून मागावी. तिन्ही फेज ८० च्या पुढे असतील, किंवा वाटणी बदलूनही टोकाला २१६ व्होल्ट मिळत नसतील, तर शाखा अभियंत्यांकडे डीपीच्या क्षमतावाढीचा किंवा दुसऱ्या डीपीचा लेखी अर्ज द्यावा. त्याला तारीख-वेळेसह या मोजण्या, वाहनांची संख्या आणि वाढवून घेतलेल्या मंजूर भाराच्या पावत्या जोडाव्यात, आणि अर्जाची पोच घ्यावी. अर्ज पावसाळ्यातच दिला, तर मंजुरी आणि काम पुढच्या उन्हाळ्याआधी उरकण्याची शक्यता राहते. एप्रिलमध्ये दिलेल्या अर्जावरचे काम त्या वर्षीच्या उकाड्यात होण्याची आशा धरू नये.